पावणेचार लाख डॉलरचा शिक्का

लॅम्बर्ट-ईटन या आजाराचं नाव बहुतेकांच्या कानावरून कधीच गेलेलं नसतं. यात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या टोकावरच्या कॅल्शियमच्या वाटांवरच उलटते. स्नायूला हलायला सांगणारं ॲसिटिलकोलीन पुरेसं सुटत नाही. मांड्यांतलं बळ जातं, खुर्चीतून उठणं आणि जिना चढणं अवघड होऊन बसतं. सुमारे निम्म्या रुग्णांत तर मुळाशी फुप्फुसाचा कर्करोग निघतो.

यावर ३,४-डायअमिनोपिरिडिन हे साधं रसायन लागू पडतं. ते पोटॅशियमच्या वाटा अडवतं, तंतूतला विद्युतसंदेश लांबतो, कॅल्शियम जास्त आत शिरतं आणि निरोप स्नायूपर्यंत पोचतो. आजार जात नाही, पण माणूस उठून चालू लागतो. स्वीडनच्या डॉक्टरांनी हे १९८०च्या दशकातच दाखवलं होतं. अमेरिकेत न्यू जर्सीची जेकबस ही छोटी कौटुंबिक कंपनी वर्षानुवर्षं, खास परवानगीखाली, हे औषध रुग्णांना फुकट देत होती. फुकट!

नोव्हेंबर २०१८मध्ये कॅटलिस्ट कंपनीने याच औषधावर ‘फर्डॅप्स’ नावाने एफडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाचा, शिक्का मिळवला आणि वर्षाची किंमत लावली पावणेचार लाख डॉलर. दुर्मीळ आजारांसाठीच्या १९८३च्या कायद्यामुळे सात वर्षांची मक्तेदारीही मिळाली. सिनेटर बर्नी सँडर्स यांनी फेब्रुवारी २०१९मध्ये पत्र लिहून जाब विचारला. त्याच वर्षी मे महिन्यात जेकबसच्या ‘रुझर्गी’ला, म्हणजे याच औषधाला, मुलांसाठी मान्यता मिळाली, तेव्हा मोठ्यांनाही ते मिळेल अशी आशा वाटू लागली. कॅटलिस्ट या मान्यतेविरुद्ध कोर्टात गेली, २०२१मध्ये अपिलात जिंकली आणि २०२२मध्ये रुझर्गीचे हक्कच विकत घेऊन मोकळी झाली.

चाचण्यांना पैसा लागतो, गोळीची शुद्धता तपासलेली असावी, हे मला मान्य आहे. त्याचा मोबदला जरूर द्यावा. पण शोध दुसऱ्यांचा, वर्षानुवर्षं रुग्ण सांभाळले तिसऱ्याने, आणि बक्षीस मात्र शिक्का मिळवणाऱ्याला, हा व्यवहार न्यायाचा नाही. विमा कंपनी पैसे भरते हे उत्तरही पुरत नाही. ते पैसे हप्ते भरणाऱ्यांच्याच खिशातून जातात.

दुर्मीळ आजारांचा कायदा झाला तो ज्यांना औषधच नाही अशांसाठी. इथे ते रुग्णांच्या हातात होतं. जुन्या रसायनाला मक्तेदारी द्यायचीच असेल, तर किमतीची मर्यादा त्याच कागदावर लिहून घेतली पाहिजे.