नौकाधिपती

अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानात मोटारींच्या नंबरपाटीवर ‘दहा हजार सरोवरे’ असा मजकूर असतो. सरकारी मोजदादीत दहा एकरांवरची सरोवरे ११,८४२ भरली असताही पाटीवर कमीच आकडा मिरवणारे हे विनयशील लोक, आणि एवढे पाणी उशापायथ्याशी असल्यावर कोणा गृहस्थाने मोटरबोट बाळगली तर त्यात नवल ते काय! नवल एवढेच की, आमच्या शेजारच्या नौकाधिपतींना मी पाण्यावर कधीच पाहिले नाही. त्यांच्या नौकानयनाचा जो काही पराक्रम मी पाहिला, तो सारा त्यांच्या गॅरेजच्या उंबरठ्यावर.

गॅरेजचे दार सात फूट उंच आणि ट्रेलरवर चढलेली नौका, काचेच्या वरच्या कडेपर्यंत, सात फूट दोन इंच. खरेदीच्या वेळी त्यांनी इंजिनाची अश्वशक्ती विचारली, गाद्यांचा रंग तीनदा बदलून घेतला, परंतु स्वगृहीचे दार मोजण्याचा गद्य विचार काही त्यांच्या मनाला शिवला नाही. नौका अंगणात ठेवावी, तर वसाहतीच्या मंडळाचे मनाईचे फर्मान. भाड्याच्या वखारीत ठेवावी, तर तो पराभवाचा कबुलीजबाब.

म्हणून ऑक्टोबरातल्या एका रविवारी मला पाचारण झाले. प्रथम ट्रेलरच्या चाकांतली हवा सोडण्यात आली. एक दीर्घ सुस्कारा, आणि दीड इंचाची बचत. उरलेल्या अर्ध्या इंचासाठी त्यांनी मला तराजूचे तत्त्व समजावून दिले: ट्रेलरचा आस हा मधला टेकू, काच त्याच्या पुढे, सबब गाडीपासून ट्रेलर सोडवून पुढची दांडी जमिनीकडे दाबली की काच नमते. तसे करून आम्ही दोघे इंचाइंचाने नौका मागे रेटू लागलो. त्यांच्या सौभाग्यवती स्टुलावर उभ्या राहून, काच आणि चौकट यांच्या फटीत किलवरची दुर्री घालून पाहत होत्या. दुर्री सरकली, तेव्हा त्यांनी हात उंचावून जी आरोळी ठोकली, तशी किल्ला सर झाल्यावरही कोणी ठोकली नसेल. पुढचा भाग नमला की मागचा उचलतो, हा त्याच तत्त्वाचा उत्तरार्ध मात्र सर्वांच्याच विस्मरणात गेला होता. छताचा दिवा माझ्या डोळ्यांदेखत निवर्तला. दांडी हातभर बाहेर उरली होती, ती बिजागरीवर दुमडली आणि दार मिटले. तीन तास लागले.

पण गृहस्थ टापटिपीचे. चाके हिवाळाभर चपटी राहिली तर टायर बाद होतात, म्हणून त्याच संध्याकाळी त्यांनी आत जाऊन पंपाने त्यांत पुन्हा काठोकाठ हवा भरली.

मे महिन्यात, मासेमारीचा मोसम उघडण्याच्या आदल्या दिवशी, मी अंगणात चहा घेत होतो. शेजारचे दार वर गेले, थोडा वेळ स्तब्धता पसरली, मग तोच दीर्घ सुस्कारा ऐकू आला. आणि सौभाग्यवती पत्त्यांचा जोड घेऊन बाहेर आल्या.