मशीन आणायला गेलाय

शनिवारी पहाटे साडेचारला ओहायोतल्या एखाद्या गल्लीत कुणी माणूस पिकअप ट्रकच्या हौद्यात जुनी ब्लँकेटं अंथरताना दिसला, तर पोलिसांना फोन करायचं कारण नाही. चोर इतका वेळ लावत नाही. हा गृहस्थ बांधायचे पट्टे तीनदा मोजतो, हातगाडीची चाकं फिरवून बघतो आणि मोजपट्टी शोधत सगळे खिसे चाचपतो. ती त्याच्या हातातच असते. वय पंचेचाळीस ते साठच्या दरम्यान, पोट किंचित सुटलेलं, अंगात जुन्या एखाद्या गेम कंपनीचा टी-शर्ट, बहुधा अटारीचा. दिवसभरात घरी कुणाचा फोन आला, तर बायको एका वाक्यात निकाल लावते : "मशीन आणायला गेलाय." कितवं मशीन, हे ती सांगत नाही. आकडा तिला पाठ असतो, पण तो चारचौघांत बोलायचा नसतो.

मशीन म्हणजे नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम. माणसाएवढ्या उंचीचं लाकडी कपाट, वजन सव्वाशे-दीडशे किलो, पोटात जुन्या टीव्हीसारखी जाड काचेची पिक्चर ट्यूब आणि कपाळावर दिव्याने उजळणारी नावाची पाटी. स्पेस इन्व्हेडर्स (१९७८), पॅक-मॅन (१९८०), डाँकी काँग (१९८१) ही यातली मोठी घराणी. ज्यांच्या पोरवयात ही यंत्रं पिझ्झाच्या दुकानात, लाँड्रीत आणि बोलिंगच्या गाळ्यात उभी होती, ती पोरं आता गृहकर्ज फेडून मोकळी झाली आहेत. मोकळ्या माणसाला काहीतरी लागतंच.

सुरुवात जाहिरातीपासून होते. "डाँकी काँग, १९८१. शेवटचं लावलं तेव्हा चालत होतं. स्वतः येऊन न्यावं." हे मधलं वाक्य म्हणजे या व्यवहारातली सर्वांत मुरलेली थाप. शेवटचं कधी लावलं, हे कुणी लिहीत नाही आणि सभ्य माणूस विचारतही नाही. रेगन राष्ट्राध्यक्ष असताना लावलेलं असलं, तरी वाक्य खरंच ठरतं. "किरकोळ काम आहे" याचा अर्थ पडदा काळा. "प्रोजेक्ट आहे" म्हणजे आत उंदीर. आणि "किंमत मला माहीत आहे" असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे विकणाऱ्याला वस्तू विकायची नसून कुणाशी तरी भांडायचं असतं.

हे सगळं आपल्या माणसाला पाठ आहे. तरी तो जातो. यंत्र त्याच्या गावाहून, कोलंबसहून, साडेतीनशे मैलांवर, शिकागोच्या आसपास असतं, हे कळल्यावर तर नक्कीच जातो. मिस पॅक-मॅनची अमेरिकेत लाखाहून जास्त यंत्रं बनली. त्यातलं एखादं त्याच्या घरापासून वीस मैलांवर सहज मिळेल. पण ते याला चालत नाही. वीस मैलांवरच्या यंत्राची गोष्ट काय सांगणार? साडेतीनशे मैलांवरच्या यंत्राच्या बाजूचं चित्र मात्र मूळचं असतं, विकणारा म्हातारा असतो आणि वाटेत हमखास पाऊस लागतो.

गंमत अशी की, ज्या खेळासाठी हा माणूस बारा तास गाडी हाकतो, तो खेळ मुळात दोन-तीन मिनिटांत संपावा अशाच बेताने रचलेला आहे. पाव डॉलरचं नाणं पडलं, पोरगं हरलं, पुढचं नाणं पडलं, की दुकानदार खूश. १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमध्ये अँडी कॅप्स नावाच्या गुत्त्यात अटारीने पाँगचं पहिलं यंत्र लावलं. काही दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिलं तर बिघाड काहीच नव्हता, नाण्यांचा डबा काठोकाठ भरला होता. हा किस्सा आपला माणूस प्रत्येक विक्रेत्याला सांगतो, आणि प्रत्येक विक्रेत्याने तो आधी ऐकलेला असतो.

आता ही यंत्रं कुणाच्या तळघरात, गोठ्यात आणि गोदामात जाऊन का बसली, तेही पाहू. दुकानातलं यंत्र बहुतेक वेळा दुकानदाराचं नसे. ते 'ऑपरेटर'चं असे. तो यंत्र आणून ठेवायचा, दर आठवड्याला येऊन नाणी मोजायचा आणि दुकानदाराशी वाटणी करायचा. खेळ जुना झाला, कमाई घटली, की तो नवं कपाट घेत बसत नसे. जुन्याच कपाटात नव्या खेळाची सर्किटची पाटी घालायची, बाजूच्या चित्रावर काळा रंग फासायचा आणि वर दुसरं नाव लावायचं. १९८३च्या सुमारास हा धंदा जोरात आपटला आणि उरलीसुरली यंत्रं जागा मिळेल तिथे जाऊन पडली. म्हणून आज आपला माणूस एखाद्या कळकट काळ्या कपाटापुढे गुडघे टेकून बसतो, नखाने एका कोपऱ्यातला रंग खरवडतो आणि आतून पिवळ्या रंगाचा ठिपका डोकावला की श्वास रोखतो. खाली पॅक-मॅन आहे! लग्नात मुलीचा पदर सावरताना त्याचा चेहरा एवढा हळवा झाला नव्हता, असं त्याचा साडू सांगतो. (पदर हा शब्द अर्थात माझा, तिथे झगा होता.)

असं रूप बदललेल्या यंत्रांबद्दल या मंडळींना मनापासून तिटकारा. 'कन्व्हर्जन' म्हटलं की कपाळाला आठ्या. आणि यांच्यातलं अतिशय मानाचं यंत्र कुठलं? लाल रंगाचं डाँकी काँग. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेने रडार स्कोप नावाच्या खेळाची तीन हजार यंत्रं मागवली होती, त्यातली दोनेक हजार कुणी घेईना. तेव्हा जपानमध्ये शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण चित्रकाराला नवा खेळ रचायला सांगितलं आणि सिएटलजवळच्या गोदामात त्याच लाल कपाटांची पोटं उघडून डाँकी काँग बसवलं. पुढे आली ती निळी. म्हणजे ज्या लाल यंत्रासाठी लोक दोन राज्यं ओलांडून जातात, ते पहिल्या दिवसापासून कन्व्हर्जनच. हे त्याला सांगून पाहा. तो शांतपणे म्हणेल, "ते वेगळं."

प्रत्यक्ष यंत्र उचलण्याचा सोहळा पाहण्यासारखा असतो. विक्रेत्याचं घर सापडतं, म्हातारा दार उघडतो आणि पहिल्याच वाक्यात बॉम्ब टाकतो : "तळघरात आहे." जाहिरातीत तळघर नव्हतं. जिना अरुंद, मधे वळण, वर छत उतरतं. हे कपाट मुळात खाली गेलं कसं, याचं उत्तर म्हाताऱ्याकडे असतं : "तेव्हा भिंत नव्हती."

मग तपासणी. नाण्याच्या दाराची किल्ली हरवलेली असते. किल्ली बहुतेक वेळा आतच असते, हेही ठरलेलं. ड्रिलने कुलूप फोडलं की आत काय निघेल याचा नेम नाही : उंदराने कुरतडलेला कापूस, पाच-सहा नाणी, १९८४ साली ऑपरेटरने पेन्सिलीने केलेला हिशेब. नाणी म्हातारा लगेच मागून घेतो. हिशेबाचा कागद हा माणूस मागून घेतो आणि पाकिटात जपून ठेवतो. मागचं फळकूट काढून तो विजेरी मारतो, तेव्हा ट्यूबच्या मानेकडे हात जाऊ देत नाही. यंत्राचा प्लग काढून ठेवलेला असला, तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार रेंगाळत राहू शकतो, आणि त्या भाराला ग्राहक आणि विक्रेता यांतला फरक कळत नाही. सर्किटच्या पाटीवरची बॅटरी गळून तांब्याच्या रेषा हिरव्या पडलेल्या असतात. आपला माणूस "अरेरे" म्हणतो आणि किंमत पन्नास डॉलरने खाली आणायला बघतो. म्हातारा वीसने उतरतो. दोघांनाही आपण समोरच्याला गुंडाळल्याचं समाधान मिळतं.

आता जिना. इथे दुसरं पात्र येतं : मेहुणा किंवा शेजारी, ज्याला "अर्ध्या तासाचं काम आहे, वाटेत नाश्ता देतो" असं सांगून पहाटे उठवलेलं असतं. कपाट हातगाडीला करकचून बांधलं जातं. एक जण वर, एक जण खाली. वरचा हुकूम सोडतो, खालचा वजन पेलतो. खाली कोण उभं राहणार, यावरून या छंदातल्या मैत्रीची खोली मोजावी. मालक अर्थातच वर असतो, कारण "बाजूच्या चित्राला भिंत घासत नाही ना, ते बघायला हवं". खालच्याच्या तोंडावर एव्हाना चाळीस वर्षांची धूळ उतरलेली असते. वळणावर घोडं अडतं. मोजपट्टी निघते. कपाटापेक्षा वाट पाव इंचाने रुंद आहे असं मोजपट्टी सांगते, जिना मान्य करत नाही. शेवटी जिन्याचा कठडा काढावा लागतो. म्हातारा सोड्याचा ग्लास हातात धरून बघत असतो आणि अगदी शेवटी सांगतो, "मागच्या बाजूने बाहेर जायला एक दार आहे खरं."

परतीच्या वाटेवर पाऊस. यातली बरीच कपाटं भुशाच्या दाबलेल्या फळीची, पाणी लागलं की पापडासारखी फुगतात. म्हणून दर पन्नास मैलांवर गाडी थांबते, ताडपत्री बघितली जाते. मागचं फळकूट घट्ट बसवायचं राहिलं असेल, तर ते हायवेवर ताशी सत्तर मैलांच्या वेगात उडून जातं. मग दोन प्रौढ माणसं रस्त्याकडेच्या गवतात वाकून वाकून लाकडाची फळी शोधत असतात. येणारे-जाणारे त्यांना अपघातग्रस्त समजतात. मेहुणा त्यांना दुजोरा देतो.

अमेरिकेतल्यांनाच हे वेड आहे असं समजू नये. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर 'ड्यूक ऑफ लँकेस्टर' नावाचं, पन्नासच्या दशकात बेलफास्टला बांधलेलं प्रवासी जहाज कायमचं गाळात बसलेलं आहे. मध्यंतरी त्यावर करमणूक केंद्र होतं. ते बंद पडलं आणि जुनी यंत्रं आत तशीच राहिली. अनेक वर्षांनी इंग्लंडमधल्या संग्राहकांना याचा पत्ता लागला. त्यांनी मालकांशी वाटाघाटी केल्या, क्रेन बोलावली आणि गंजक्या जहाजाच्या पोटातून एकेक यंत्र हवेत उचलून किनाऱ्यावर उतरवलं. तळघराच्या जिन्याबद्दल कुरकुर करणाऱ्या मेहुण्यांना ही गोष्ट मुद्दाम ऐकवली जाते.

आणि 'साइनफेल्ड' मालिकेतला १९९८चा तो भाग तर या लोकांच्या पोथीत आहे. त्यात जॉर्ज कोस्टान्झा पिझ्झाच्या बंद होणाऱ्या दुकानातलं फ्रॉगरचं यंत्र वाचवायला निघतो, कारण त्यावर त्याचा शाळकरी वयातला विक्रम अजून टिकून आहे आणि वीज गेली की विक्रमही जाणार. त्याला फक्त रस्ता ओलांडायचा असतो. तेवढ्यात ट्रक येतो. जग हे बघून पोट धरून हसलं. आपला माणूस हसत नाही. तो म्हणतो, "ब्लँकेट नाही, पट्टा नाही, सोबत माणूस नाही. दुसरं काय होणार?"

या जमातीत आता एक मराठी पोटजातही दिसू लागली आहे. वस्ती न्यू जर्सीत, नोकरी संगणकाची, बालपण पुण्यात नाहीतर डोंबिवलीत. ऑपरेटर, कन्व्हर्जन, लाल-निळं यात त्याला काडीचा रस नाही. त्याला हवा असतो 'मुस्तफा'. या खेळाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनी, साल १९९३. पण त्यातल्या मुस्तफा नावाच्या गड्याने आपल्याकडच्या पार्लरांत अख्खा खेळ स्वतःच्या नावावर करून घेतला. क्लासला म्हणून निघालेली पोरं एका रुपयात त्या पडद्यापुढे उभी राहायची, आणि मागे उभे असलेले फुकटचे सल्ले द्यायचे.

तो मुस्तफा त्याला पिट्सबर्गजवळ सापडतो, साडेतीनशेच्या आसपास मैलांवर. कॅपकॉमच्या त्या पिढीतल्या पाट्यांवर एक बॅटरी असते. ती संपली की पाटीच्या आठवणीतला महत्त्वाचा मजकूर पुसला जातो आणि खेळ गप होतो. जाणकार तिला आत्मघाती बॅटरी म्हणतात. विक्रेत्याने लिहिलेलं असतं, शेवटचं लावलं तेव्हा चालत होतं. आपला मराठी गडी मित्राला फोन करतो, "शनिवारी काय करतोयस? ड्राइव्हला जाऊ." मित्र शहाणा असेल तर विचारतो, "जिना आहे का?"

घरी बायकोला सांगायची वेळ जेवणानंतर निवडलेली असते.

"कुठे ठेवणार आहेस?"

"बेसमेंटमध्ये. टेबल टेनिसच्या शेजारी."

"तिथे गणपतीचं मखर असतं."

"दहा दिवस सरकवू की. चाकं लावतो खाली."

"दीडशे किलोला?"

"अगं, जहाजातून क्रेनने काढलीयेत लोकांनी."

ती भांडी डिशवॉशरमध्ये लावत राहते. मग म्हणते, "सरकवायला येणाऱ्यांना आरतीला थांबवून घ्यायचं आणि जेवणाचं तू बघायचंस. मी माणसं मोजणार नाही."