पिकअपचे तात्या

परंड्यात कुणाची गाडी बिघडली की मेस्त्रीच्या आधी तात्या भेटतात. त्यांना बोलवावं लागत नाही. किल्ल्याच्या खंदकाजवळच्या चहाच्या टपरीवर ते सकाळी सातला बैठक मारतात आणि रस्त्यानं जाणारी प्रत्येक गाडी कानानं तपासतात. बघत नाहीत. बघायला काय, कुणीही बघतं. कपातला चहा बशीत ओतत, मान वर न करता ते म्हणतात, "ह्याचा दोन नंबरचा नोजल ठिबकायलाय." गाडीवाला तोवर सोनारीच्या वाटेला लागलेला असतो. सुटला बिचारा.

तात्यांकडं गाडी नाही. लायसनही नाही. उमेदीत दोन वर्षं ते ट्रकवर किन्नर होते, म्हणजे चाकाखाली दगड लावणं, टायरवर पान्हा मारून हवा ओळखणं आणि ट्रक मागं घेताना "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत पत्र्यावर थापा मारणं. अजून कुणाची गाडी रिव्हर्स यायला लागली की त्यांचा उजवा हात आपोआप उठतो. जवळपास पत्रा नसला तर टपरीच्या बाकड्यावर थाप बसते आणि सगळ्यांचे चहा हिंदकळतात. या दोन वर्षांच्या पुंजीवर त्यांनी गेली चाळीस वर्षं गावातल्या जीप, ट्रॅक्टर, मळणीयंत्रं, मिक्सर आणि दोन-तीन जुळता जुळता राहिलेली लग्नं यांचं निदान केलेलं आहे. लग्नांबद्दलही त्यांचा शब्द तोच असतो. "पिकअप न्हाय."

माझ्या गाडीला मात्र खरंच पिकअप नव्हता. जुनी, टर्बोवाली डिझेल. मोकळ्या रस्त्यावर एकदा काटा दोन हजारांपुढं गेला की चांगली पळायची, पण त्याच्या खाली मेल्यासारखी. ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट कळली ती ऊसतोडीच्या दिवसांत, बार्शी रस्त्यावर. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉलीतून लोंबणारे ऊस रस्ता झाडत चाललेले, आणि ट्रॅक्टरवर गाणं एवढ्या मोठ्यानं की माझा हॉर्न त्यातलंच एक वाद्य वाटावं. समोर मोकळं दिसलं. तिसरा गिअर होता, पाय दाबला. काही नाही. आणखी दाबला, पार तळाला नेला. गाडी कशीबशी मागच्या ट्रॉलीच्या बरोबरीला पोचली आणि तिथंच रमली. डाव्या हाताला ऊस, समोरून एसटी. ट्रॅक्टरवाल्यानं वरून माझ्याकडं बघितलं, वरातीत आगंतुक घुसलेल्याकडं घोड्यावरचा नवरदेव बघतो तसं. मी निमूट ब्रेक मारून पुन्हा मागं आलो आणि पुढचे चार किलोमीटर त्याचीच गाणी ऐकली.

दुसऱ्या दिवशी टपरीसमोर गाडी लावली. मी दार उघडायच्या आत तात्यांचा आवाज आला.

"सर, गाडी दबायलीय."

"होय तात्या. ओढतच नाही."

"चढाला का सपाटीला? गार असताना का तापल्यावर? धूर काळा का पांढरा? शिट्टी वाजती का? रेस वाढती आन् गाडी वाढंना, आसं होतंय का?"

न्यायानं सांगायचं तर हे प्रश्न अव्वल होते. रेस वाढून गाडी वाढत नसेल तर क्लच प्लेट घसरते आहे. काळा धूर येत असेल तर डिझेलच्या मानानं हवा कमी पडते आहे. शिट्टी वाजत असेल तर टर्बोपासून इंजिनाकडं जाणारा हवेचा पाइप कुठंतरी फाटलेला असू शकतो. कुठल्याही मोठ्या वर्कशॉपमध्ये मान मिळवून देतील असे प्रश्न. तात्यांचा दोष एवढाच की ते उत्तरासाठी थांबत नाहीत. मी "काळा, पण थोडा..." एवढं म्हणेपर्यंत त्यांचा निकाल लागलेला होता.

"डिझेल कुठल्या पंपावर टाकलं?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, एखादी वाईट बातमी ऐकल्यासारखे. मी म्हटलं, तिथं तर सगळंच गाव टाकतं. मग ते फिल्टरमधल्या पाण्यावर आले. फिल्टर गेल्याच महिन्यात बदलला होता, तेव्हा नोजलवर. नोजलवरून ईजीआरवर. ईजीआर हा तात्यांचा जातिवंत वैरी. धुराड्यातला थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडायची ही व्यवस्था प्रदूषण कमी व्हावं म्हणून असते. त्या झडपेत काजळी साठून ती उघडीच राहिली तर इंजिनाचा दम खरंच कोंडतो. पण तात्यांचा राग तांत्रिक नाही, नैतिक आहे. "सोताचाच धूर सोता प्यायचा? मानूस तरी पील का वो?" हे म्हणताना त्यांच्या बोटांत विडी होती. त्यावर त्यांचा इलाज म्हणजे तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मधे टाकायचा. पत्रा कापायला ते उठलेसुद्धा, मी हाताला धरून बसवलं.

मग त्यांनी टपरीवाल्याकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि पुन्हा डोळे मिटले. सात-आठ जण गोळा झाले होते, सगळे गप्प. तात्या बराच वेळ ऐकत होते. एकदा "हं" म्हणाले. एकदा मान हलवली. टपरीवरचं पोरगं हळूच म्हणालं, "तात्या, गाडी बंद हाय." तात्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "ठावं हाय. बंद असतानाच खरं बोलती."

या सगळ्यात मुलूखमैदान तोफ येणार हे मला माहीत होतं. परंड्यात कुठलाही विषय अर्ध्या तासात तोफेवर येतो. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, पुढं इथल्या किल्ल्यावर असलेली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेलेली ती अजस्र तोफ आज तिकडच्या बुरुजावर आहे. आमच्या किल्ल्यात आजही मोठाल्या तोफा आहेत, पण गावाला आठवते ती गेलेलीच. सुमारे ५५ टनांची ती तोफ इथून न्यायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले असं सांगतात. तात्यांनी हे इतिहास म्हणून कधीच सांगितलेलं नाही. ते पिकअपचा दाखला म्हणून सांगतात.

"सर, पंचावन टन! उभ्या जाग्यावरनं! बैलाला दोन हजार आरपीयम लागतेत का? जू खांद्याव पडलं की पयल्या पावलाला सगळी ताकत. आन् तुमचं ह्ये टर्बो. आधी पळा म्हणतंय, मग ओढतो म्हणतंय. आधी पगार, मग काम!"

खोटं सांगत नाही, टर्बोच्या दुखण्याचं इतकं नेमकं वर्णन मी छापील पुस्तकातही वाचलेलं नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानंच एक पातं फिरतं, त्याच्याच दांड्यावरचं दुसरं पातं इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. इंजिन हळू फिरत असताना धूर कमी, म्हणून हवा कमी, म्हणून ताकद कमी. मी शिक्षकी पेशाला जागून सांगायला गेलो की ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची, त्यानं १९०५ साली पेटंट घेतलं, आणि मोटारीतलं ते पातं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं.

"लाख?" तात्या म्हणाले. "कुनी मोजले?"

मी गप्प.

"आन् त्यो बुकी. त्येनं बार्शी रोडला गाडी हानली व्हती का?"

अंतिम निकाल असा लागला की टर्बो गेला. कामाला सत्तर हजार. जमलेल्या लोकांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी चहाचे सगळ्यांचे पैसे देऊन टाकले.

बार्शीतल्या मेस्त्रीचं वय तात्यांच्या अनुभवापेक्षा कमी असावं. पंचवीस-सव्वीसचं पोरगं, कानात गाणी. त्यानं एक कान मोकळा केला आणि विचारलं, चढाला की सपाटीला, गार असताना की गरम झाल्यावर, धूर कसला, शिट्टी वाजते का, रेस वाढून गाडी वाढत नाही असं होतं का. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. तेच प्रश्न, त्याच क्रमानं. फरक एवढाच की प्रत्येक प्रश्नानंतर तो थांबत होता. त्यानं स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, बूस्ट कमी. म्हणजे दुखतंय कुठं ते कळलं, का दुखतंय ते नाही. मग त्यानं मला गाडी चालू करायला सांगितली आणि स्वतः बॅटरी घेऊन टर्बोच्या बाजूला वाकला. तिथं बोटभर लांबीची एक दांडी असते. इंजिन सुरू झालं की ती आत ओढली गेली पाहिजे. ती हललीच नाही.

त्यानं दांडीच्या डबीवरची रबरी नळी काढली आणि तिच्या तोंडावर अंगठा ठेवला. "ओढ नाही, सर. बघा." मीही ठेवला. नळीनं माझा अंगठा चोखायला हवा होता, पण ती नुसतीच थंड होती. मग तो बोटानं चाचपत नळीच्या मागं मागं गेला आणि एका वळणापाशी थांबला. नळी वाकवल्यावर नखाएवढी चीर उघडली, सोडल्यावर मिटली. उष्णतेनं रबर कडक होऊन तडकलं होतं.

एवढ्यानं काय होतं, हे त्यानं बागेच्या पाण्यावरून सांगितलं. पाणी कमी असलं की आपण पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबतो आणि धार लांब जाते. माझ्या गाडीच्या टर्बोत तो अंगठा म्हणजे छोट्या पाकळ्या. इंजिन हळू असताना त्या मिटतात, फट अरुंद होते, थोडका धूरही पात्यावर जोरात आदळतो. पाकळ्या मिटायला त्या नळीतली ओढ लागते. नळी तडकली, ओढ गेली, अंगठा सुटला. दोन हजारांपुढं धूरच इतका होतो की अंगठ्याची गरज उरत नाही, म्हणून तिथं गाडी पळते. त्यानं हातभर नवी नळी कापून बसवली, तिला दोन टाय मारले आणि दीडशे रुपये घेतले. कानात पुन्हा गाणी घातली.

येताना वाटेत उसाचा एक ट्रॅक्टर मुद्दाम गाठला. तिसऱ्या गिअरवर ओलांडला. मागं वळून बघायचा मोह झाला, पण रस्ता तसा नाही.

जुनी नळी मी मागून घेतली होती. ती तात्यांच्या हातावर ठेवली आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती वाकवली, चीर उघडली, मिटली, पुन्हा उघडली. एका बाजूनं तोंड लावून फुंकर मारली, दुसऱ्या बाजूला तळवा धरून वारा अजमावला. त्यांचा चेहरा पडलेला होता. चूक निघाली याचं त्यांना काही वाटलेलं नव्हतं, त्यांना लागलं होतं ते दुखण्याचं आकारमान. पंचावन टनांच्या गावात हे एवढंसं. "दीडशे?" त्यांनी दोनदा विचारलं. मग नळी शर्टाच्या खिशात ठेवली आणि चहा न पिताच घरी गेले.

आठवड्याभरानं टपरीसमोर एक पांढरी जीप बॉनेट उघडून उभी होती. तिचा मालक घामाघूम. तात्यांनी खिशातून नळी काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही बगा. सरांच्या टर्बोचं आपरेशन केलं, त्यातनं निघालेली आतडी. विचारा सरांना."

मालकानं माझ्याकडं बघितलं. तात्यांनीही बघितलं.

"होय," मी म्हणालो. "सत्तर हजार वाचले."

"आता बोला," तात्या जीपवाल्याकडं वळले, "चढाला का सपाटीला?" आणि तो तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ईजीआर हाय."