चष्मा गेला, आता स्थळे आवरा

प्रति,
डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम आणि लोकलने पोहोचता येईल अशा सर्व ठिकाणच्या सन्माननीय स्थळसूचक काकू, माम्या, आत्या व मोजके काका यांस,

विषय: माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्याबद्दल आपल्याला झालेला आनंद.
संदर्भ: आपले फोन, सकाळ-संध्याकाळ.



प्रथम आपले आभार. डोळ्यांना लेझर केलेल्या माणसाला सुरुवातीला मोबाइलकडे बघायचं नसतं, हे जाणून आपण मेसेज न करता फोन केलेत. तेही मला नाही, आईला. आई फोन स्पीकरवर ठेवूनच बोलते, त्यामुळे पडदे ओढलेल्या खोलीत गॉगल लावून पडल्यापडल्या मला आपलं सगळं संभाषण ऐकायला मिळालं. "बरं केलंत हो, वेळेत केलंत," असं आपण बहुतेकींनी म्हटलंत. वेळ कसली, ते कुणी सांगितलं नाही आणि आईनेही विचारलं नाही. एका मामींनी तर दुखतंय का हे विचारायच्या आधी "मग नवीन फोटो कधी काढताय?" असं विचारलं. मामी, त्या दिवशी माझे दोन्ही डोळे लालभडक होते, पापण्या सुजल्या होत्या आणि नाक वाहत होतं. फोटो त्याच दिवशी काढून पाठवायला हवा होता. निवड सोपी झाली असती.

प्रत्येकीला वेगळं उत्तर देता देता आईचा घसा बसला, म्हणून हे जाहीर पत्र.

आधी प्रकृतीचा अहवाल. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच होता. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात आणि पुस्तकं पारपटल म्हणतात, तो मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. माझा त्याहूनही थोडा पातळ निघाला. त्यामुळे कॉर्नियाची चकती उचलायची, आत लेझर मारायचा आणि चकती परत बसवायची, ही पद्धत बाद झाली. त्याऐवजी पृष्ठभागावरचा पेशींचा थर काढून थेट लेझर. एवढा नंबर उतरवायला कॉर्नियाचा जो भाग झिजवावा लागतो, तो जाडीला डोक्यावरच्या एका केसाएवढा. लेझर एका डोळ्यावर मिनिटभरसुद्धा चालत नाही. जळका वास येतो, आणि तो आपलाच आहे हे लक्षात येईपर्यंत डॉक्टर "झालं" म्हणतात.

खरी मजा त्यानंतर. काढलेला थर पुन्हा उगवायला चार-पाच दिवस लागतात. तोवर डोळ्यावर बॅन्डेज लेन्स, आणि लेन्सखाली मिरचीचा हात लागावा तशी आग. थेंबांचं वेळापत्रक बाबांनी एक्सेलमध्ये करून फ्रिजवर लावलं. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडायची म्हटल्यावर ते घड्याळ घेऊन उभे राहतात आणि चार मिनिटांनी आईने बाटली उचलली तर तिला थांबवतात. आईचा नेम वाईट आहे. पहिल्या आठवड्यात माझ्या कानांनाही पुरेसं अँटिबायोटिक मिळालं. डोळ्यांत पाणी जायला नको म्हणून केस मान मागे टाकून आईच धुते आणि दर वेळी "केस किती गळतायत" ही नोंद करते. झोपेत डोळे चोळले जाऊ नयेत म्हणून रात्री प्लास्टिकच्या जाळ्या चिकटवायच्या. काजळ नाही. पोहायला महिनाभर बंदी. फोडणीच्या धुराजवळ जायचं नाही, हे वाक्य मी डॉक्टरांकडून लेखी मागून घेतलं.

गणपतीचं आगमन नेमकं याच दिवसांत झालं. गुलाल वर्ज्य, धूळ वर्ज्य. आमच्या गल्लीतल्या मंडळाची मिरवणूक मी बंद खिडकीमागून गॉगल लावून पाहिली. ढोल स्पष्ट ऐकू आले, मूर्ती अंदाजाने.

अंदाजानेच, कारण या पद्धतीत नजर पहिल्या दिवसापासून लख्ख होत नाही. सकाळी समोरच्या इमारतीवरची पाटी वाचता येते, दुपारी ती पुसट होते. नीट स्थिर व्हायला आठवडे लागतात, कधी महिनेही. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, तीही हळूहळू कमी होतात. वलयांचं ऐकून एका आत्यांनी "म्हणजे बिघडलं का काही? त्यांना सांगायचं ना मग?" असं दबक्या आवाजात विचारलं. आत्या, 'त्यांना' म्हणजे कुणाला, ते मला अजून कळलेलं नाही.

आपण सुचवलेल्या उपायांबद्दलही आभारी आहे. गुलाबपाणी, मध आणि एका घरच्या म्हशीचं तूप यांपैकी काहीही डोळ्यांत घातलेलं नाही. गाजरं खाल्ली, पण ती हलव्यात. गाजरातून मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वाची डोळ्याला गरज असते हे खरं, पण त्याने नंबर उतरत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक अंधारात जर्मन विमानं टिपू लागले, तेव्हा ही गाजरांची कमाल, असा प्रचार तिथल्या सरकारने केला होता. खरी कमाल विमानातल्या रडारची होती आणि ती लपवायची होती. त्या प्रचाराचा शत्रूवर किती परिणाम झाला कोण जाणे, डोंबिवलीवर तो अजून आहे. ज्या काकांनी स्वतःच्या कपाटातले "हेच थेंब, उरलेत माझ्याकडे" असे स्टेरॉइडचे थेंब पाठवले, त्यांना मात्र गंभीरपणे सांगते: डॉक्टरांना न विचारता हे थेंब चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होऊ शकतो. काका, बाटली फेकून दिली आहे. दुसरी असेल तर तीही फेका.

आता मुख्य विषय.

मी लेझर कशासाठी केलं, असं आपल्यापैकी एकीनेही विचारलं नाही, कारण उत्तर आपल्याकडे तयार होतं. तरी सांगते. पावसाळ्यात लेडीज डब्यात शिरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि दोन स्टेशनं जाईपर्यंत समोर कोण उभं आहे ते कळत नाही. गर्दीत कुणाचा कोपर लागून चष्मा पडला की वाकून शोधायला जागा नसते. चष्मा नसेल तर प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर वाचता येत नाही आणि कल्याण समजून कर्जतच्या गाडीत बसायची पाळी येते. पोहायला शिकले, पण तलावाची दुसरी कड कधी दिसली नाही. ऑफिसच्या एसीत दिवसभर कॉन्टॅक्ट लेन्स घालून डोळे चुरचुरायला लागले होते. ही सगळी कारणं मला दिसण्याची आहेत, मी दिसण्याची नाहीत.

पैसे माझ्या पगारातले. विमा मिळाला नाही, कारण आपल्याकडच्या आरोग्य विम्यात साडेसातपेक्षा कमी नंबर घालवायचा खर्च धरतच नाहीत. विमा कंपनीच्या लेखी उणे साडेपाच ही गणतीत न धरण्याजोगी गोष्ट. आपल्या लेखी उणे एकसुद्धा अशी गोष्ट, की मुलगी शिकलेली, पगार चांगला, स्वयंपाक येतो इथपर्यंत सांगून झाल्यावर आपला आवाज उतरतो आणि मग येतं, "फक्त चष्मा आहे हो." मुलाला चष्मा असेल तर हेच वाक्य "अभ्यासू वाटतो" असं होतं.

माझ्या बायोडेटात आपण परस्पर दुरुस्ती केल्याचंही कळलं. 'चष्मा: आहे' खोडून 'चष्मा: नाही'. जलद काम झालं, पण त्यात एक घोळ आहे, तो उलगडून सांगते.

लांबचं धूसर दिसतं, कारण बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा पुढून मागे जरा जास्त लांब वाढलेला असतो. नेहमीचा डोळा साधारण चोवीस मिलिमीटरचा. माझ्या नंबराचा डोळा त्याहून सुमारे दोन मिलिमीटर लांब. प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. लेझर पुढचा कॉर्निया सपाट करून ती प्रतिमा मागे ढकलतो, एवढंच. डोळ्याची लांबी तीच राहते. ताणल्यामुळे मागचा पडदा पातळ झालेला असतो, तोही तसाच राहतो, म्हणून चष्मा गेला तरी मला हा पडदा, म्हणजे रेटिना, नियमितपणे तपासून घ्यावी लागणार. चाळिशी सगळ्यांना लागते, तशी मलाही लागेल आणि तेव्हा वाचायला चष्मा येईलच. आणि आनुवंशिकतेला लेझरचा पत्ता नसतो. चष्मा असलेली सून नको, कारण नातवंडांना चष्मा लागेल, असं आपलं शास्त्र असेल तर मी आजही तितकीच धोकादायक आहे, जितकी मे महिन्यात होते. आपण 'चष्मा: नाही' लिहून समोरच्या पार्टीची फसवणूक करत आहात. आणि मुद्दा नातवंडांचा नसून मुलगी फोटोत कशी दिसते एवढाच असेल, तर तसं सरळ म्हणा. मग मी निदान माझं शास्त्र वाया घालवणार नाही.

नातवंडांची खरंच काळजी असेल तर उपाय सुनेच्या नाकावर नाही, मैदानात आहे. दिवसा उघड्यावर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये नंबर लागायचं प्रमाण कमी आढळतं. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटं बाहेर काढायची मोहीमच घेतली. आपल्या सोसायटीत मात्र चारच्या उन्हात खेळणाऱ्या पोरांना "उन्हात काळे व्हाल" असं ओरडून आत बोलावलं जातं. बोलावणाऱ्यांपैकी दोघी या पत्राच्या वाचक आहेत.

ज्या लेझरने माझा नंबर गेला, त्याचा इतिहासही बायोडेटाला जोडायला हरकत नाही. चेन्नईत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. 1981 मध्ये तिथल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणातली उरलेली टर्की ते प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि तिच्यावर त्यांनी एक्सायमर लेझर मारून पाहिला. आजूबाजूचं मांस न भाजता हवा तेवढाच भाग नेमका निघून आला. दोन वर्षांत न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर त्यांनी तो कॉर्नियासाठी वापरता येईल असं दाखवलं. या कामासाठी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळालं. वधूपरीक्षेत अडचण येऊ नये, हे कारण त्या संशोधनात कुठे नोंदलेलं नाही.

तेव्हा विनंती अशी. 'चष्मा: नाही' हे खोडून 'नंबर होता, लेझर केलं, रेटिना तपासलेली आहे' असं लिहावं. माझे ऑपरेशनपूर्वीचे रिपोर्ट मी जपून ठेवले आहेत. पुढे कधी मोतीबिंदू झाला तर लेन्सचा हिशेब करताना ते लागतात. ज्यांनी ज्यांनी लेझर केलं असेल त्यांनी आपापले रिपोर्ट शोधून ठेवावेत, रद्दीत देऊ नयेत.

आणि यापुढे मुलाचं स्थळ सुचवताना त्याच्याही दोन्ही डोळ्यांचा नंबर व शेवटच्या तपासणीची तारीख कळवावी. तपासणी झालीच नसेल तर पत्रिका नंतर पाहू. आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.

आपली नम्र,
एक उपवर (आपल्या यादीप्रमाणे)