सिबिलची धुलाई

भोपाळकडे नाव पुसणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. २०२१च्या नोव्हेंबरात हबीबगंज स्टेशनचं राणी कमलापती झालं, पुढच्याच वर्षी होशंगाबादचं नर्मदापुरम झालं. वॉशिंग मशीनचा चुकलेला हप्ता मात्र कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

सिबिलचा, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या हिशेबाचा, रिपोर्ट उघडून पाहा. एकेका कर्जाखाली महिन्यांचे चौकोन, ३६ पर्यंत. ०००, ०००, ०००, आणि मध्येच ठसठशीत ०३०. म्हणजे ३० दिवस उशीर. पूर्वी हे फक्त बँकवाले बघायचे. २०२५च्या फेब्रुवारीत अकोल्याकडच्या मूर्तिजापुरात मुलीच्या मामांनी नवऱ्या मुलाचं सिबिल मागितलं आणि ठरत आलेलं लग्न मोडलं, अशी बातमी आली. पत्रिकेतही गुण छत्तीसच असतात, त्यामुळे मामालोकांना नवं गणित शिकावं लागलं नसणार.

इतकी मागणी म्हटल्यावर धुलाईवालेही आलेच. ‘भैया, सिबिल एकदम क्लीन करवा देंगे.’ फी आगाऊ. वर पॅन, आधार आणि ओटीपीही हवा. (ओटीपी दिलात तर सिबिलसोबत खातंही क्लीन होईल.) हा गृहस्थ करतो काय? तुमच्या नावाने ऑनलाइन तक्रार टाकतो. उशीर खरोखर झाला असेल तर बँक ‘नोंद बरोबर आहे’ म्हणते आणि ०३० जागचं हलत नाही. नोंद चुकीची असेल, म्हणजे हप्ता भरूनही थकीत दाखवला असेल किंवा भलत्याच जोश्यांचं कर्ज तुमच्या माथी आलं असेल, तर ती दुरुस्त होते. पण ती तक्रार तुम्हालाही फुकटच करता येते. रिपोर्टही सिबिलसारख्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. पैसे कशाचे देताय मग?

वसुलीवाल्याचं ‘अर्धे भरा, मिटवून टाकू’ हे त्याहून गोड. कर्ज मिटतं, पण रिपोर्टात ‘सेटल्ड’ असा शिक्का बसतो. पुढचा बँकवाला त्याचा अर्थ ‘याने पूर्ण पैसे दिले नाहीत’ असाच लावतो. जमत असेल तर पूर्ण भरा आणि ‘नो ड्यूज’चं पत्र हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

चुकीच्या नोंदीबद्दलच्या तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा. त्यातले २१ दिवस बँकेचे. त्यापुढे रोजचे १०० रुपये तक्रारदाराला, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तोही बिनफीचा. सप्टेंबर २०२२पासून सिबिलसारख्या कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

न्याय कसा आहे बघा. तुम्हाला महिनाभर उशीर झाला तर तीन वर्षं चौकोनात उभे. बँकेने मुदतीवर आणखी १० दिवस लावले तर १००० रुपये टाकले की मोकळी. तिच्या नावाने ०१० लिहायला कुणी चौकोन आखलेला नाही.

भरपाईसाठी बँक खात्याचा तपशील मात्र तक्रारीसोबतच द्या. हप्ता कापला जातो तेच खातं दिलंत तर ते १००० रुपये ५ तारखेपर्यंत तरी तुमचे असतील.