रिमोट काकूंच्या हातात

साताऱ्याच्या काकूंचा संगणक तसा धडधाकट, पण त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नव्हती म्हणून विंडोज ११ ने त्याला दारातच अडवलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही मुदत संपली. दिवाळीला गेलो तेव्हा उबुंटू लिनक्स टाकून दिलं, भिशीचा हिशेब लिब्रेऑफिसात उघडून दाखवला आणि निघताना म्हणालो, "काही अडलं तर पुण्यातूनच बघतो की."

रिमोट डेस्कटॉपची कल्पनाच मोठी मोहक. आपण इथे, पडदा तिथला. मधला टोल, खंबाटकीची रांग, सगळं रद्द.

सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप शेअरिंग चालू केलं होतं. माइक्रोसॉफ्टला रामराम ठोकलेल्या काकूंकडे जायचं ते माइक्रोसॉफ्टच्याच आरडीपीने, ३३८९ नंबरच्या पोर्टमधून! हे पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकलं तर जगभरचे बॉट कड्या वाजवत बसतात, म्हणून टेलस्केलने दोन्ही यंत्रं एका खासगी जाळ्यात आणली. इथवर सगळं गोड.

मग साताऱ्यात लाइट गेले आणि आले. संगणक पुन्हा सुरू झाला, पण मला आत घेईना. काकूंनी आपोआप लॉगिन लावून घेतलं होतं ("माझ्याच घरात मला कोण पासवर्ड विचारणार?"). त्यामुळे पासवर्डांची तिजोरी, म्हणजे कीरिंग, बंदच राहिली. रिमोटचा पासवर्ड त्या तिजोरीत. ती उघडायला यंत्रासमोर बसून कोणीतरी पासवर्ड टाकायला हवा.

"काकू, पडद्यावर पासवर्ड मागतंय, तेवढा टाका."

"सगळं मीच टाकायचं, तर तू येतोयस कशाला?"

यावर लिनक्सच्या जगात कोणाकडेच उत्तर नाही.

मग एक्सआरडीपी हा आरडीपीचाच दुसरा सर्व्हर लावून पाहिला. काकू आधीपासून लॉगिन असल्या की मला निव्वळ काळा पडदा. त्या बाहेर पडल्या की आत शिरता येई, पण रंगांच्या व्यवस्थापनासाठी परवानगी हवी म्हणून पुन्हा पासवर्ड. शिवाय माझं सत्र वेगळं, काकूंना काही दिसेना. "तू माझ्या हिशेबात काय करतोयस ते मला दिसायला नको?" हा आक्षेप मात्र बिनतोड होता. परत डेस्कटॉप शेअरिंग.

तर संगणक झोपू लागला. झोपलेल्याला उठवायला वेक-ऑन-लॅन नावाची सोय आहे: १०२ बाइटचा एक संदेश, त्यात नेटवर्क कार्डाचा पत्ता लागोपाठ १६ वेळा. काकांना दुपारच्या चहाला उठवायची काकूंची पद्धत हुबेहूब हीच. पण ही हाक सहसा घरातल्या जाळ्यातूनच मारावी लागते, त्यासाठी तिथे दुसरं काहीतरी जागं असावं लागतं. काकूंच्या घरात जाग्या फक्त काकू. त्यांनी बटण दाबलं.

एकदाचा आत पोचलो. अडचण काय, तर मराठी उमटेना, नुसती इंग्रजी अक्षरं. उपाय सोपा: सुपर आणि स्पेस एकत्र दाबायचे, कीबोर्ड बदलतो. मी दाबले. माझाच कीबोर्ड मराठी झाला. पुन्हा दाबले, माझाच इंग्रजी झाला. सुपरचं बटण सातारला पोचण्याआधी माझंच यंत्र मधल्यामधे गिळत होतं. त्यावरही रेमिनामध्ये, म्हणजे मी रिमोटसाठी वापरत होतो त्या प्रोग्राममध्ये, कीबोर्ड ताब्यात घेण्याची सोय आहे. ती शोधायला मी बाण हलवला, तो डावीकडे जाऊ लागला. मी उजवीकडे ओढला. तो डावीकडेच.

"काकू, माउस सोडा."

"तूच सोड. मला सांग काय दाबायचं ते."

सांगितलं. काकूंनी दाबलं आणि पडद्यावर झोकात 'श्री' उमटला.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता तू बाहेर पड बघू. हप्ते लिहायचेत, आणि भिशीचे आकडे बाहेरच्या माणसाला दाखवत नाहीत."