डिग्रीवाले सर

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या मास्तरांची एक ठळक पोटजात आहे. बाकीचे मास्तर पॅसिव्ह, इनडायरेक्ट, टॅग असं सगळं थोडंथोडं उरकतात. या पोटजातीची सगळी भिस्त डिग्रीज ऑफ कंपॅरिझनवर. म्हणून पोरं त्यांना ‘डिग्रीवाले सर’ म्हणतात. त्यांची स्वतःची डिग्री बहुधा बी.ए. बी.एड. असते, पण तिचा या नावाशी संबंध नाही.

नांदेडात हे सर श्यामनगर-बाबानगर भागात सापडतात. लातुरात तर ‘ट्यूशन एरिया’ नावाचीच वस्ती आहे. तिथे फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांच्या एसी हॉलमागे जो पत्र्याचा शेड असतो, तो यांचा. पूर्वी असं नव्हतं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजची पोरं रांगेनं झळकायची, तेव्हा इंग्रजीच्या अर्ध्या मार्कासाठी पालक सरांच्या दारात उभे राहत. गुणवत्ता यादी गेली, नीट आली. नीटच्या ७२० मार्कांत इंग्रजीचा एकही नाही, आणि बारावीला इंग्रजीत ३५ पडले तरी भागतं. मग सर स्पर्धा परीक्षांकडे वळले. २०२३च्या तलाठी भरतीत २००पैकी ५० मार्क इंग्रजीला होते. तेवढ्यावर त्यांचा संसार पुन्हा रुळावर आला.

सरांचा पहिला धडा गोदावरीवर असतो. ‘द गोदावरी इज द लाँगेस्ट रिव्हर इन महाराष्ट्र’ ही सुपरलेटिव्ह. ‘लाँगर दॅन एनी अदर रिव्हर’ ही कंपॅरेटिव्ह. ‘नो अदर रिव्हर इन महाराष्ट्र इज ॲज लाँग ॲज द गोदावरी’ ही पॉझिटिव्ह. वाक्य तीन वेळा बदलतं, नदी आहे तेवढीच राहते. “अर्थ बदलला की मार्क गेला,” असं सर बजावतात, आणि शेवटच्या बाकावरचा पोरगा विचारतो, “अर्थ बदलायचाच नाही तर वाक्य कशाला बदलायलोत सर?” या प्रश्नाला आजवर एकाही डिग्रीवाल्या सरांनी उत्तर दिलेलं नाही.

सरांची खरी तडफ दिसते ती ‘अदर’वर. फळ्यावर लिहितात, ‘लातूर इज ड्रायर दॅन एनी सिटी इन मराठवाडा’, आणि खडू आपटून विचारतात की लातूर कुठे आहे. मराठवाड्यात. म्हणजे या वाक्याप्रमाणे लातूर हे लातूरपेक्षाही कोरडं झालं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हासुद्धा एवढी पाळी आली नव्हती. म्हणून ‘एनी अदर सिटी’. तुलना कोकणातल्या शहरांशी असेल तर मात्र ‘अदर’ घालायचा नाही, कारण लातूर कोकणात नाही. हे कळतं सगळ्यांना, पेपरात लिहितं कोणी नाही.

दुसरा आग्रह असा की तुलना सारख्याची सारख्याशी हवी. ‘अर्धापूरची केळी जळगावपेक्षा गोड’ असं बोलताना मराठी माणूस अख्खं जळगाव केळ्याशेजारी तराजूत टाकतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. इंग्रजीत तसं चालत नाही. ‘दॅन जळगाव’ लिहिलं की शहर चाखून पाहिल्यासारखं होतं. ‘दॅन दोज ऑफ जळगाव’ हवं, आणि वस्तू एकच असली तर ‘दॅट ऑफ’. मराठीतही ‘जळगावच्यापेक्षा’ म्हणायची सोय आहे, पण घाईत तो ‘च्या’ सगळेच गिळतात आणि तीच सवय इंग्रजीत उतरते. ‘मोर बेटर’चंही तेच. मराठी विशेषण तुलनेसाठी रूप बदलत नाही, त्याला ‘जास्त’ जोडलं की झालं. म्हणून ‘बेटर’ आधीच वाढलेलं असूनही पोरं त्याला वरून ‘मोर’ वाढतात.

‘दॅन’नंतर ‘ही’ की ‘हिम’, हे सर म्हशीवरून शिकवतात. ‘शी लव्ज द बफेलो मोर दॅन ही’ म्हणजे म्हशीवर त्याच्यापेक्षा तिची माया जास्त. ‘दॅन हिम’ म्हणजे तिची नवऱ्यापेक्षा म्हशीवर माया जास्त. वर्गातली निम्मी पोरं दूधदुभत्याच्या घरातली. दुसरं वाक्य अधिक खरं वाटतं असा कौल दर वर्षी पडतो.

या सगळ्यामागचा पुराणग्रंथ म्हणजे रेन अँड मार्टिन. सरांची प्रत बाइंडिंग करून घेतलेली, आणि शेजारी तिची ‘की’, जी पोरांपासून लपवलेली असते. ग्रंथातलं इंग्रजी १९३०च्या दशकातलं, हे सर मान्य करत नाहीत. रेनसाहेबांनी फ्रेंच फॉरेन लीजनवर ‘बो जेस्ट’ नावाची गाजलेली कादंबरी लिहिली हेही त्यांना कोणी सांगू नये; व्याकरण लिहिणारा माणूस वाळवंटातल्या मारामाऱ्या लिहितो म्हटल्यावर श्रद्धेला तडा जाईल.

तडा जायचे प्रसंग नांदेडात तसेही येतात. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला कॅनडाहून यात्रेकरू येतात. त्यांतला एखादा तरुण चहाच्या टपरीवर सहज म्हणून जातो, ‘देअर आर लेस पीपल टुडे.’ सरांचा कप हातातच राहतो. माणसं मोजता येतात. तिथे ‘फ्यूअर’ हवं. टोरांटोत जन्मलेल्या, मराठीचा गंध नसलेल्या त्या पोराला सर नियम समजावून सांगतात, तोही विनयानं ‘ओके सर’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर होतं की कॅनडात इंग्रजीचा पाया कच्चा आहे.

सरांचा खरा शत्रू म्हणजे होर्डिंग. चौकातल्या एकाच खांबावर तीन क्लासेस ‘मराठवाड्यात नंबर १’ असतात, आणि सुपरलेटिव्ह तर एकालाच लागते. चौथ्याचं ‘मोस्ट युनिक’ असतं; जे एकमेव आहे त्यात कमी-जास्त कसलं, म्हणून सर मान फिरवतात. व्याकरणाला धरून खरं बोलायचं तर ‘वन ऑफ द बेस्ट क्लासेस’ म्हणावं, नाम अनेकवचनी ठेवून. सरांनी स्वतःच्या फलकावर तेच रंगवून घेतलेलं असतं. प्रवेश त्यामुळे कमी होतात. ‘बेस्टपैकी एक’ला फी भरायला कोणता बाप तयार होईल?

एका बाबतीत मात्र सर तुलना टाळतात. वर्गात दोन्ही जिल्ह्यांची पोरं बसतात, आणि विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद अजून ताजा आहे. म्हणून सर फक्त पॉझिटिव्ह डिग्री वापरतात: ‘लातूर हॅज गिव्हन महाराष्ट्र ॲज मेनी चीफ मिनिस्टर्स ॲज नांदेड.’ नांदेडचे शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. दोनास दोन. वर्ग शांत. मग एखादा अहमदपूरचा उठतोच, “पण सर, दोन्हींत सुपीरिअर कोन?”

“सुपीरिअरच्या पुढे ‘टू’ येतं, ‘दॅन’ नाही. सीनिअर, ज्युनिअर, इन्फीरिअर, सगळ्यांना तेच. लिहून घ्या.”